बास गिटार, बधिर अंगठा आणि ‘स्टेज प्रेझेन्स’ नावाचा अवघड व्हेरिएबल

आज लॅबमधलं काही सांगत नाही. आज बास गिटारबद्दल बोलू. शेवटी गाडी रिसर्चवरच येणार आहे, त्यामुळे ज्यांनी कधी गिटार हातातही धरलेली नाही त्यांनीही वाचा.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या डिपार्टमेंटच्या गॅदरिंगमध्ये मी पहिल्यांदा स्टेजवर बास वाजवला. तिसऱ्या गाण्यात डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बधिर व्हायला लागली. चौथं गाणं मी निम्मं सोडून दिलं. ड्रमरने कसंबसं ओढून नेलं. नंतर व्हिडिओ बघितला तर मी संपूर्ण वेळ मान खाली घालून, खांदे कानापर्यंत चढवून, पुतळ्यासारखी उभी! सगळ्यांचं निदान एकच: “अगं, तू घाबरलीस. कॉन्फिडन्स वाढव.”

मलाही ते पटलं. पुढचे सहा महिने मी आरशासमोर उभं राहणं, खोल श्वास, प्रेरणादायी व्हिडिओ, सगळं केलं. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. बोटं बधिर, मान खाली.

मग एक दिवस सेमिनारची तयारी करताना डोक्यात आलं, की आपण एक साधी चूक करतोय. ‘घाबरले म्हणून हात आखडला’ हे एक हायपोथेसिस आहे. ‘हात आखडला म्हणून घाबरलेली दिसले’ हे दुसरं. व्हिडिओत दोन्ही सारखेच दिसणार. आणि दुसरं मी तपासलंच नव्हतं.

आधी वाद्य समजून घेऊ

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला. त्याआधी खालचे सूर वाजवायचे तर माणसाएवढा उंच डबल बास उभा धरावा लागे. फेंडरने तो आडवा केला, गळ्यात अडकवला आणि पडदे बसवले. (फ्रेट म्हणजे आपल्या सतारीच्या भाषेत पडदा.) चार तारा, सगळ्यात जाड तारेची कंपनसंख्या साधारण ४१ हर्ट्झ. तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. वजन बहुतेक वेळा चार किलोच्या आसपास.

या ३४ इंचांमध्येच अर्धी गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक पडदा सूर अर्ध्या स्वराने वर नेतो, म्हणजे कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट होते. त्यामुळे पडद्यांमधलं अंतर सुरुवातीला मोठं असतं आणि पुढे आक्रसत जातं. गणित करून बघा. पहिल्या ते चौथ्या पडद्याचं अंतर येतं १३ सेंटिमीटर. तेच नवव्या ते बाराव्या पडद्याचं येतं सव्वाआठच्या आत. आता पट्टी घ्या आणि स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवून तर्जनीच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत १३ सेंटिमीटर ताणून बघा. जमेल, पण असाच ताण गाणंभर धरून ठेवायचा म्हटलं तर?

नवशिक्यांना ‘एका पडद्याला एक बोट’ असा नियम सांगितला जातो. मीही तो प्रामाणिकपणे पाळत होते. पण डबल बासवाले फार पूर्वीपासून खालच्या भागात वेगळं बोटकाम वापरतात. फ्रांझ सिमांडल यांच्या नावाने ओळखली जाणारी ती पद्धत आहे: पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं बोट चौथ्याला टेका द्यायला. मग हात चारऐवजी तीनच पडद्यांवर पसरतो, म्हणजे १३ ऐवजी साधारण ९ सेंटिमीटर. उरलेला एक पडदा हात सरकवून गाठायचा. ताणायचं नाही, सरकायचं. माझ्यासारख्या लहान हाताच्या लोकांसाठी हा फरक म्हणजे जीवदान आहे.

दुसरा उपाय म्हणजे वाद्यच लहान घ्यायचं. तारेचा ताण हा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीच तार, तोच सूर, पण लांबी ३४ ऐवजी ३० इंच केली तर ताण ३० भागिले ३४ च्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे ७८ टक्के उरतो. पडदेही जवळ येतात. आणि ३० इंची बास म्हणजे लहान मुलांचं खेळणं नव्हे. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनींचा व्हायोलिनच्या आकाराचा प्रसिद्ध हॉफ्नर बास त्याच मापाचा. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांचेही हात लहान, आणि तेही लहान मापाचे बास पसंत करत.

मनगटाचा प्रयोग, आत्ता, बसल्या जागी

वाचता वाचता हे करा. डावं मनगट तळव्याच्या दिशेने जितकं वाकेल तितकं वाकवा आणि तसंच ठेवून घट्ट मूठ वळायचा प्रयत्न करा. नाही ना जमत नीट? आता मनगट सरळ करा आणि मूठ वळा. लगेच जोर आला.

कारण साधं आहे. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराजवळच्या भागात असतात. त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगट आत वाकलं की हे स्नायू आधीच आखूड होतात आणि आणखी आखडायला त्यांच्याकडे वाव उरत नाही. शिवाय मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ टेंडन आणि एक मोठी नस जाते. मनगट खूप वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. माझी बधिर होणारी बोटं कोणती होती, आठवतंय ना?

आता स्टेजवर या. बास मांडीपर्यंत खाली लोंबकळत ठेवला की दिसायला भारी दिसतं. पण तितक्या खालच्या दांडीवर बोटं पोचवायला डावं मनगट आत दुमडावंच लागतं. मग जोर कमी पडतो, म्हणून आपण आणखी दाबतो. बरं, उपाय म्हणून बास थेट छातीवर घेतला तर उजवं मनगट दुमडतं. म्हणजे दोन हातांची मागणी एकमेकींच्या विरुद्ध आहे आणि उत्तर मध्ये कुठेतरी आहे. बहुतेकांसाठी सोपा नियम असा: बसून वाजवताना बास जिथे असतो, उभं राहिल्यावरही पट्ट्याने तो साधारण तिथेच राहायला हवा, आणि दांडीचं टोक थोडं वर.

(एक सूचना गंभीरपणे: बधिरपणा, मुंग्या किंवा रात्री दुखून जाग येणं हे ‘रियाज कमी पडतोय’चं लक्षण नाही. डॉक्टरांना दाखवा. मी दाखवलं, आणि दोन वर्षं आधी दाखवायला हवं होतं. कीबोर्ड आणि थिसिस दोन्ही त्याच हाताने लिहायचं असतं.)

डावा हात खांब झालाय का?

आणखी एक तपासणी. बास गळ्यात घालून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. दांडी हळूहळू जमिनीकडे झुकते का? झुकत असेल तर वाजवताना तुमचा डावा हात दोन कामं करतोय: सूर दाबणं आणि दांडी उचलून धरणं.

अंदाजे हिशोब करू. वजन ४ किलो, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन. समजा वजनाचा मध्य पट्ट्याच्या आधारापासून खुंट्यांच्या बाजूला ३ सेंटिमीटर सरकलेला आहे आणि डावा हात आधारापासून ४० सेंटिमीटरवर आहे. मग हाताला साधारण ३ न्यूटन जोर वर लावत राहावं लागेल. म्हणजे ३०० ग्रॅमचा डबा तळहातावर घेऊन दीड तास उभं राहायचं, आणि त्याच हाताने वेगवान बोटंही चालवायची! चामड्याचा किंवा खरखरीत आतल्या बाजूचा रुंद पट्टा हे झुकणं बरंच रोखतो. शिवाय पट्टा दुप्पट रुंद म्हणजे तेच वजन दुप्पट क्षेत्रफळावर, खांद्यावर दाब निम्मा.

शेवटची गोष्ट, दाब. एक सूर धरा आणि बोट हळूहळू सैल करत जा. तार खरखरायला लागली की थांबा आणि तिथून किंचित जोर वाढवा. बस, इतकाच जोर लागतो. आणि बोट पडद्याच्या अगदी मागे ठेवलं तर आणखी कमी. उजव्या हाताचंही तसंच: मोठा आवाज हवा असेल तर अॅम्प्लिफायर वाढवा, बोटं नाही. विजेवर चालणारं वाद्य आहे, त्याला थोडं काम करू द्या की!

मी केलेला छोटा प्रयोग

हे सगळं समजल्यावर मला एकदम सगळं बदलावंसं वाटलं. पण मग नेमका कशाचा फायदा झाला हे कसं कळणार? म्हणून दर आठवड्याला एकच बदल. पहिला आठवडा जसं आहे तसं, म्हणजे बेसलाइन. मग पट्ट्याची उंची, मग रुंद पट्टा, मग बोटकाम, मग दाब. प्रत्येक आठवड्यात तेच गाणं, तीच लय, आणि वहीत दोन आकडे: हात पहिल्यांदा भरून आल्याचं जाणवलं ते कितव्या मिनिटाला, आणि गाणं संपेपर्यंत मी किती वेळा दांडीकडे बघितलं.

दुसरा आकडा मी स्वतः मोजला नाही. मला जो निकाल हवा होता तोच मला दिसला असता. मोबाईलवरच्या क्लिप्सची नावं बदलून, क्रम उलटसुलट करून रूममेटला दिल्या. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

हात टिकण्याची वेळ वाढत गेली आणि दांडीकडे बघणं कमी होत गेलं. खूश व्हायच्या आधी एक प्रश्न: पाच आठवडे रोज वाजवल्यावर सुधारणा सरावानेही होतेच ना? म्हणून सहाव्या आठवड्यात दोन दिवस पट्टा पुन्हा पूर्वीइतका खाली केला. त्याच दिवशी बोटांना मुंग्या परत आल्या, आणि रूममेटच्या मोजणीत मान पुन्हा खाली गेली. बदल काढून घेतल्यावर परिणामही जातो का, हे तपासण्याच्या या पद्धतीला रिव्हर्सल डिझाइन म्हणतात. एकाच व्यक्तीवर प्रयोग करताना ती फार उपयोगी पडते.

तरीही सॅम्पल साइज एक, आणि तीही मीच. कोणत्या आठवड्यात काय बदललंय हे मला माहीत होतं. त्यामुळे ‘सर्व बासवादकांची भीती पट्ट्याने जाते’ असं मी म्हणणार नाही. माझ्या बाबतीत ‘कॉन्फिडन्स नाही’ हे निदान अपुरं होतं, इतकं मात्र म्हणेन.

मग स्टेज प्रेझेन्स म्हणजे काय?

हा शब्द मोजायला अवघड. पण लोकांनी प्रयत्न केलेत. जेन डेव्हिडसन यांनी १९९३ मध्ये छापलेल्या अभ्यासात वादकांच्या सांध्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावून, अंधारात फक्त हलणारे ठिपके दिसतील अशी चित्रफीत दाखवली. वादकांनी तोच तुकडा भावनाशून्य, नेहमीसारखा आणि अतिशयोक्त अशा तीन प्रकारे वाजवला होता. नुसत्या ठिपक्यांवरूनही बघणाऱ्यांना फरक ओळखता आला. म्हणजे कपडे, चेहरा, केस सगळं काढून टाकलं तरी हालचाल बोलते.

२०१३ मध्ये चिया-जुंग त्साय यांचा पेपर गाजला. संगीत स्पर्धांचे विजेते ओळखायला सांगितलं तर नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद केलेला व्हिडिओ बघणाऱ्यांनी जास्त वेळा बरोबर ओळखले, अगदी व्यावसायिक संगीतकारांनीसुद्धा. ‘बघा, दिसणंच महत्त्वाचं’ म्हणून हा पेपर सगळीकडे फिरला. पण २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने तो पुन्हा करून बघितला. परिणाम परत मिळाला, पण त्यावरून किती मोठा निष्कर्ष काढता येतो याला मर्यादा आहेत असं त्यांनी दाखवलं. म्हणून सवय लावा: गाजलेला पेपर वाचला की त्याला उत्तर देणारा पेपर शोधायचाच.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ‘पॉवर पोझ’. दोन मिनिटं ऐटीत उभं राहिलं की हार्मोन बदलतात, असा २०१० चा दावा. २०१५ मध्ये बऱ्याच मोठ्या सॅम्पलवर तो हार्मोनचा परिणाम मिळाला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ पेपरच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी स्वतःच जाहीर केलं, की आता माझा यावर विश्वास नाही. मी आरशासमोर घालवलेले सहा महिने आठवले आणि हसू आलं. थोडा रागही आला, स्वतःचाच.

मग ‘नैसर्गिक’ दिसण्यासाठी करायचं काय? आधी उदाहरणं बघू. द हूमध्ये पीट टाउनशेंड गिटार फोडायचे, कीथ मून ड्रम्सवर तुटून पडायचे, आणि जॉन एंटविसल एका जागी शांत उभे, फक्त बोटं विजेसारखी. लोक त्यांनाही विसरले नाहीत. उलट रेड हॉट चिली पेपर्सचा फ्ली उड्या मारतो. मुंबईची मोहिनी डे अवघड तुकडे वाजवते तेव्हा सोबतच्या वादकांकडे बघून हसायलाही तिला सवड असते. हालचाल कमी-जास्त, पण एक गोष्ट समान: वाजवण्यासाठी यांचं सगळं लक्ष खर्च होत नाही. शिल्लक उरतं. ते शिल्लक लक्ष सोबतच्या वादकांकडे, श्रोत्यांकडे जातं, आणि बहुधा त्यालाच आपण प्रेझेन्स म्हणतो. ही माझी व्याख्या आहे, खोडून काढायला मोकळीक आहे.

शिल्लक तपासायची देशी पद्धत सांगते. बासलाइन वाजवताना मोठ्याने एकोणीसचा पाढा म्हणा. लय अडखळली तर ती बासलाइन अजून हातात बसलेली नाही. पाढा जमला की चालत वाजवा. मग कुणाशी तरी बोलत. रशचे गेडी ली बास वाजवत गायचे आणि पायाने पेडलवर आणखी सूर धरायचे. आपल्याला निदान पाढा तरी यायला हवा.

आणि लक्ष कुठे ठेवायचं, यावरही अभ्यास आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर प्रयोग केला. स्वतःच्या पायांकडे लक्ष द्या असं सांगितलेल्यांपेक्षा पायाखालच्या चाकांकडे लक्ष द्या असं सांगितलेले जास्त चांगलं शिकले. माझ्यासाठी याचा अर्थ: ‘बोट कुठे आहे’ ऐवजी ‘माझा सूर ड्रमरच्या किकवर बसतोय का’. बासवाल्यांसाठी हे जास्तच महत्त्वाचं. २०१४ च्या एका अभ्यासात दोन सूर एकत्र वाजताना एक ५० मिलिसेकंद लवकर आणला, तर खालच्या सुराची चूक मेंदूने जास्त ठळकपणे पकडली. म्हणजे गर्दीला तुमचा चेहरा दिसो न दिसो, तुमची लय कळते!

भीती गेली का?

नाही. यावर्षीच्या गॅदरिंगला स्टेजवर चढताना पोटात तसाच गोळा आला. फरक एवढाच, की आता मला माहीत होतं यातलं काय हाताचं आहे आणि काय मनाचं. उरलेल्या मनाच्या भागासाठी अॅलिसन वुड ब्रूक्स यांचा २०१४ चा पेपर कामी आला. ‘शांत हो’ असं स्वतःला सांगण्यापेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हटलेल्यांनी गाणं आणि भाषण जास्त चांगलं केलं, असं त्यात आहे. धडधड तीच, नाव बदलायचं. चौथं गाणं यावेळी पूर्ण वाजवलं. मध्ये एकदा ड्रमरकडे बघितलं, तो हसला, मीही हसले. एवढंच. पण व्हिडिओत तेवढाच क्षण पुन्हा पुन्हा बघितला.

आता तुमच्याकडे येते. पहिल्या सेमिनारला तुमचा आवाज कापेल. कुणीतरी म्हणेल, “कॉन्फिडन्स नाही.” ते लगेच मान्य करू नका. आधी बघा: स्लाइडवर अक्षरं इतकी बारीक आहेत का, की तुम्हालाच वळून वाचावी लागतायत? पॉइंटर, माइक आणि कागद एकाच हातात आहे का? आधीच्या रात्री ग्राफ बदललात का? हे सगळे खाली लोंबणारे पट्टे आहेत. एकावेळी एक सरळ करा आणि वहीत नोंद ठेवा. त्यानंतरही जे उरेल ती खरी भीती. ती बहुतेक वेळा वाटली होती त्यापेक्षा लहान असते.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःबद्दलचं एक जुनं निदान घ्या, ‘मला गणित येत नाही’, ‘मला लिहिता येत नाही’, काहीही. त्याला पर्यायी हायपोथेसिस लिहा, आणि दोन्हींमध्ये फरक करू शकेल असा एक आठवड्याचा प्रयोग आखा. मोजणी मात्र रूममेटकडे द्या.